जुना हाय-फाय सेट की नवा? दोन्हीकडे हात पोळून घेतल्यावर

दिसण्यावर भुलायचं असेल तर जुन्याला तोड नाही. जाड ॲल्युमिनियमची पाटी, बोटांना जड लागणारी बटणं, काचेमागे निळसर उजेड. मीही भुललो. पाच-सहा वर्षांत जपानी रिसीव्हर (अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच डब्यात), अमेरिकेहून आलेलं टर्नटेबल, स्पीकरची जोडी आणि एक कॅसेट डेक एवढं घरात आणलं. आज त्यातली एकच वस्तू धड वाजते. मग नव्याकडे वळलो आणि तिथलीही निराशा चाखली. त्यामुळे "जुनं घेऊ की नवं?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, काय घेताय?

अ‍ॅम्प्लिफायर

रिसीव्हर पुण्याच्या जुन्या बाजारात १८ हजारांना घेतला. विकणारा म्हणाला, "साहेब, एकदम चालू कंडिशन." दिवा लागला म्हणजे चालू, ही त्याची व्याख्या. घरी आणून मागची पाटी वाचली तर १०० व्होल्ट. माल जपानच्या देशी बाजारासाठी बनवलेला. व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागला. तो लावून रेडिओचा ट्यूनर फिरवला, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, नुसती खरखर. अँटेनाची तार गच्चीपर्यंत नेली, तरी तेच. शेवटी चष्मा लावून डायल नीट पाहिला. आकडे ७६ ते ९०! जपानमध्ये एफएम तिथे होतं. आपल्याकडची बहुतेक स्टेशनं ९१च्या पुढे. ट्यूनर बिचारा ठणठणीत होता, फक्त चुकीच्या देशात आला होता.

दोन महिन्यांनी डावी बाजू गेली. दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडलं आणि पहिलंच वाक्य, "याला आल्या आल्या थेट मेनवर लावलंत ना?" वर्षानुवर्षं न वापरलेला सेट आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, घ्यायचा असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि सेट वाचतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कंडेन्सर सुकलेले, रिलेचे पॉइंट काळे पडलेले आणि आउटपुट ट्रान्झिस्टर उडालेला. तो ट्रान्झिस्टर कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. बाजारात त्या नंबरचे मिळतात, पण कितीतरी वेळा हलक्या मालावर नंबर छापलेला असतो. पहिली जोडी अर्ध्या तासात जळाली. काकांनी मग जुळणारा दुसरा नंबर शोधला. एकूण तीन महिने आणि साडेनऊ हजार. १८ हजारांची वस्तू ट्रान्सफॉर्मर धरून तिशीच्या घरात गेली.

पण ऐका, वाजतो तोच हा. चार वर्षं झाली, तक्रार नाही.

याच्या शेजारी नवा ठेवू. आठ हजारांचा छोटा क्लास-डी (कमी तापणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प, नारळाहून हलका, ब्लूटूथवाला. आवाज स्वच्छ, हमिंग नावाला नाही. रोज फोनवरून गाणी लावणाऱ्याला एवढं पुरे, उगाच नाक मुरडू नये. मात्र फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची खास जागा) नाही, म्हणजे रेकॉर्ड ऐकायची तर आणखी एक डबी घ्या. आणि चौदाव्या महिन्यात तो बंद पडला. त्याच काकांनी आतली एकुलती एक चिप दाखवली आणि म्हणाले, "याचा ना सर्किट डायग्राम, ना पार्ट. फेकून द्या." जुन्याचं मरण महाग असतं, पण त्यातून उठता येतं. नव्या स्वस्ताला ती सोय नाही.

तेव्हा अ‍ॅम्प जुना घ्या, पण हाताशी विश्वासू दुरुस्तीवाला असेल तरच. जुन्यावरचा वॅटचा आकडा लहान दिसला तरी घाबरू नका. १९७४ साली अमेरिकेत वॅट कसे मोजून जाहिरातीत लिहायचे याचा सरकारी नियम आला. त्यानंतर तिथे विकलेल्या सेटचे ३० वॅट हे बऱ्यापैकी खरे ३० वॅट असतात. आपल्याकडच्या नव्वदीतल्या डेकवरचे हजार-हजार पीएमपीओ (फुगवून लिहिलेले वॅट) आठवून पाहा.

टर्नटेबल

इथे मी उलट सांगेन. नवं घ्या.

चुलतभाऊ शिकागोहून कायमचा परतला तेव्हा त्याने स्वतःचं बेल्टवालं टर्नटेबल मला दिलं. फुकट, त्यामुळे आनंद दुप्पट. स्टेप-डाउन होताच घरात. तबकडी लावली आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई चक्क पांढरी चारमध्ये, म्हणजे बऱ्याच खालच्या सुरात, गायला लागल्या, गळा सुजल्यासारख्या. बेल्ट बदलला, तेल घातलं, काही नाही. कारण साधं होतं. त्या मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झला हात लावत नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी पावणेअठ्ठावीस! ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची बेल्ट फिरवणारी चकती) मिळाली असती तर काम झालं असतं. मी वर्षभर शोधली.

साध्या नव्या टर्नटेबलमध्ये बहुधा डीसी मोटर असते, तिला हे दुखणं नाही. सुई नवी, बेल्ट नवा. फक्त सुटकेससारखी दिसणारी गोंडस मशिनं टाळा. त्यातल्या अनेकांचं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतं. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. आजोबांच्या तबकड्या त्याखाली खरवडून घ्यायच्या का, ते तुम्ही ठरवा. जुन्यात अपवाद क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हचा, म्हणजे बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणाऱ्या आणि क्वार्ट्झने वेग धरून ठेवणाऱ्या टर्नटेबलचा. १९७९चं टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ आजही निर्धास्त फिरतं. पण मालकाला त्याची किंमत माहीत असते, तुमच्यापेक्षा जास्त.

स्पीकर

जाळी काढा आणि कोनच्या (आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबा. माझ्या जोडीची पट्टी फोमची होती, बोटाला शिळ्या केकसारखी भुगा होऊन लागली. दमट हवेत फोम पंधरा-वीस वर्षांत जातो. रिफोम करून, म्हणजे नवी पट्टी बसवून, मिळतं, पण कोन मधोमध बसला नाही तर खर्जात घासतो. माझा घासतो. रबरी किंवा कापडी कडेचे जुने स्पीकर खुशाल घ्या. फोमचे असतील तर तेवढ्या पैशात नवे छोटे बुकशेल्फ स्पीकर बरे.

कॅसेट डेक

नको. बेल्टचं डांबर झालेलं असतं. ते पुसायला मी तीन शनिवार घातले. नवे डेक स्वस्तातले आणि सुमार. त्यामुळे इथे तुलनाच नाही. कॅसेटमधली गाणी कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

एवढं वाचूनही जुना अ‍ॅम्प घ्यायला निघाला असाल, तर सोबत मल्टिमीटर, स्वतःचा हेडफोन आणि चांगली ओळखीची दोन गाणी न्या. मागची पाटी आधी वाचा, व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही. सेट तासभर चालू ठेवायला सांगा. काही वाजत नसताना स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असलं तर ठीक, एखाद-दोन व्होल्ट दिसले तर तो तुमचे स्पीकर जाळेल. व्हॉल्यूम फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, ती क्लीनरच्या फवाऱ्याने जाते, पण भाव पाडायला कामाला येते. आणि विकणारा "घरी नेऊन बघा, साहेब" म्हणाला, तर खिशात हात घालू नका.