सलीम अलींचं आत्मचरित्र : घ्या, पण पक्षी ओळखायला नको

पक्षी ओळखायला पुस्तक शोधत असाल तर हे ते नाही, त्यासाठी त्यांचंच 1941 चं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आहे. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र आहे, 1985 ला आलं तेव्हा साहेब नव्वदीला टेकलेले. मला वाटलेलं की पुरस्कार, सत्कार, मंत्र्यांबरोबर फोटो असा सगळा मामला असेल म्हणून बरीच वर्षं हात लावला नव्हता, पण म्हातारा भलताच मिश्किल निघाला.

सगळ्यात डोक्यात बसली ती लहानपणची चिमण्यांची नोंद. दहाएक वर्षांचं पोरगं, हातात छर्र्याची बंदूक, भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं, मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. याने नर टिपला. थोड्या वेळात बघतो तर त्याच खिळ्यावर दुसरा नर हजर! तोही टिपला, मग तिसरा, असे सात दिवसांत आठ नर. आज कोणी असं केलं तर बर्डिंगच्या ग्रुपवर लोक सोलून काढतील (आणि बरोबरच आहे), पण गंमत अशी की पोरगं नुसतं मारत नाहीये, बघतंय आणि लिहून ठेवतंय. म्हणजे जोडी न जमलेले नर आसपासच टपून असणार, जागा रिकामी झाली की लगेच अर्ज. आणि हे सगळं त्यांनी लपवलेलं नाही, जसंच्या तसं छापलंय.

पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, ती ओळखायला मामाने बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तिथल्या सेक्रेटरी मिलार्डसाहेबांकडे पाठवलं आणि तिथून पक्ष्यांचा नाद लागला, ही गोष्ट बहुतेकांना माहितीच आहे, ती सोडतो.

मला खरं आवडलं ते किहीम. बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ श्ट्रेझेमानकडे शिकून 1930 ला परत आले तर म्युझियममधली नोकरीच गेलेली, पैसे नाहीत म्हणून पोस्टच बंद. डिग्री नाही म्हणून दुसरीकडेही दार बंद. मग बायकोबरोबर किहीमला मुक्काम, तेच आपलं अलिबागजवळचं, जिथे आता शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तिथे पावसाळ्यात सुगरणींची वसाहत होती, हे तासन्‌तास बघत बसले आणि त्यातून कळलं की नर खोपा अर्धाच विणून ठेवतो, हेल्मेटसारखा दिसायला लागला की थांबतो, मग माद्या येऊन आत शिरून तपासतात, एखादीला पटला तरच ती राहते आणि मग हा उरलेला खोपा आणि खालची नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की गडी बाजूलाच दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. नाही पटला तर खोपा अर्धवट लटकत राहतो. डार्विनने मादीच्या पसंतीचं जे मांडलं ते इथे डोळ्यासमोर चाललेलं, तेही बिनपगारी माणसाच्या. हे बीएनएचएसच्या जर्नलमध्ये 1931 ला छापून आलं. यावर मला अजून पानं हवी होती राव.

दुसरा भारी भाग म्हणजे माइनर्ट्झहागन, पक्ष्यांचे नमुने गोळा करणारा एक इंग्रज कर्नल. 1937 ला त्याच्याबरोबर अफगाणिस्तानला गेले, पुढे त्याची डायरी हाती लागली तर त्यात लिहिलेलं की हा सलीम पक्षी गोळा करण्यापलीकडे काही कामाचा नाही, स्वयंपाकसुद्धा येत नाही वगैरे. दुसरा असता तर गप्प बसला असता, यांनी मजा घेत ते आपल्याच आत्मचरित्रात घातलं! नंतर तो कर्नलच नमुने चोरून खोटी लेबलं लावणारा निघाला, ते वेगळं.

आता तक्रारी. संस्थानांमधल्या पक्ष्यांच्या सर्व्हेंचा भाग (हैदराबाद, त्रावणकोर वगैरे) मधेमधे रटाळ होतो, एवढे नवाब, दिवाण आणि इंग्रज साहेब येतात की कोण कोणाचा कोण ते विसरायला होतं. शिकारीचे किस्से पण भरपूर, ज्यांना झेपत नाही त्यांनी आधीच ठरवा. आणि बायको तेहमिना 1939 ला गेल्या, घर मोडून हे बहिणीकडे राहायला गेले, त्यावर ते फार आवरून लिहितात. त्या पिढीचे लोक तसेच, पण वाचणाऱ्याला चुटपुट लागते.

माझी कॉपी मुंबईच्या फाउंटनच्या फुटपाथवरची, पानं पिवळी पडलेली, अक्षर बारीक, चाळिशीवाल्यांनी चष्मा जवळ ठेवा. इंग्रजी मात्र सोपं आहे, डिक्शनरी फारशी लागत नाही.

5 पैकी 4. घाई असेल तर आधी किहीम वाचा, मग 1950 ला सनबीम मोटारसायकल बोटीने युरोपात नेऊन उप्सालाच्या पक्षीपरिषदेला गेले तो भाग, बाकीचं सावकाश.