बालकलाकार ते लेखक: विल व्हीटन, मारा विल्सन की जेनेट मकर्डी, कोणाची वाट धरावी?

लहानपणी मालिकेत किंवा सिनेमात गाजलेलं मूल विशी-पंचविशीत आलं की एक पेच हटकून पडतो. लोक अजून पात्राच्या नावाने हाक मारतात, कामं मात्र आटलेली असतात आणि डोक्यात लिहायचं घोळत असतं. मग ब्लॉग काढायचा, न्यूजलेटर म्हणजे ईमेलने जाणारं पत्रक सुरू करायचं, यूट्यूबवर जायचं, की थेट आत्मकथन लिहून प्रकाशकाकडे जायचं? अमेरिकेत तीन माजी बालकलाकारांनी यातली एकेक वाट पार शेवटपर्यंत चालून दाखवली आहे. तिघांची पुस्तकं आज वाचायला मिळतात, आणि कुठे काय चुकलं हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यामुळे निवड करणाऱ्याला ही तुलना खरोखर उपयोगी पडते.

विल व्हीटन (जन्म १९७२) हा 'स्टँड बाय मी' (१९८६) मधला गॉर्डी आणि १९८७ पासूनच्या 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' मधला वेस्ली क्रशर. त्याने २००१ साली स्वतःच्या नावाची वेबसाइट काढून लिहायला सुरुवात केली. मारा विल्सन (जन्म १९८७) ही 'मिसेस डाउटफायर' (१९९३) आणि 'मटिल्डा' (१९९६) मधली चिमुरडी. २००० नंतर तिने सिनेमा सोडला, न्यूयॉर्क विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतलं आणि नाटक, निबंध, न्यूजलेटर, आवाजाचं काम असं थोडं थोडं बरंच केलं. जेनेट मकर्डी (जन्म १९९२) ही निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवरच्या 'आयकार्ली' (२००७-१२) मालिकेतली सॅम. अभिनय बंद करून ती एकपात्री, पॉडकास्ट आणि मग २०२२ च्या आत्मकथनाकडे वळली.

या तिघांकडे बहुतेक जण 'ब्लॉगवाला, निबंधवाली, पुस्तकवाली' अशा माध्यमाच्या चष्म्यातून बघतात. आमच्या मते निर्णायक फरक दुसराच आहे: घटना घडल्यापासून ती छापून येईपर्यंत किती वर्षं गेली. माध्यम त्या उत्तरावरून आपोआप ठरतं.

घडलं कधी, लिहिलं कधी

व्हीटनकडे हे अंतर जवळपास शून्य. हातातून गेलेल्या ऑडिशन, पैशांची ओढाताण, 'स्टार ट्रेक' सोडल्याची खंत हे सगळं ताजं असतानाच साइटवर येत होतं. २००२ च्या 'स्टार ट्रेक: नेमेसिस' मधला त्याचा प्रसंग संकलनात जवळजवळ संपूर्ण कापला गेला, तेही वाचकांना त्याच्याकडूनच कळलं. पुस्तकाचा खर्डा करताना मजकूर हाताबाहेर वाढला, तेव्हा त्यातल्या पाच गोष्टी बाजूला काढून त्याने २००३ मध्ये 'डान्सिंग बेअरफूट' हे छोटं पुस्तक स्वतःच छापलं आणि विकलं. ते चाललं, आणि २००४ मध्ये मुख्य पुस्तक 'जस्ट अ गीक' ओरायली या संगणकविषयक पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाकडून आलं.

ताजं लिहिण्याची किंमत कळायला मात्र १८ वर्षं लागली. २०२२ मध्ये त्याने तेच पुस्तक 'स्टिल जस्ट अ गीक' या नावाने पुन्हा काढलं. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला आणि त्यावर तळटीपा घातल्या. पान उघडलं की वर तिशीतला व्हीटन बायकांवर किंवा समलिंगी लोकांवर एखादा हलका विनोद करताना दिसतो आणि खाली पन्नाशीला टेकलेला व्हीटन लिहितो की हे चूक होतं, याची लाज वाटते, माफ करा. त्याहून महत्त्वाच्या टीपा आईवडिलांबद्दल आहेत. अभिनय ही आईची हौस होती, आपली नव्हे, हे २००४ मध्ये त्याने लिहिलंच नव्हतं. रोज लिहिणाऱ्याला त्या दिवशी जेवढं पेलतं तेवढंच तो लिहितो, आणि बाकीचं झाकण्यासाठी विनोद करतो. ब्लॉगची वाट धरणाऱ्याने ही दोन्ही पुस्तकं एकत्रच वाचावीत.

मकर्डीचं नेमकं उलटं. आई २०१३ मध्ये कर्करोगाने गेली, पुस्तक ऑगस्ट २०२२ मध्ये आलं. मधल्या नऊ वर्षांत तिने लघुपट केले, उपचार घेतले, पॉडकास्ट केला आणि 'आय अ‍ॅम ग्लॅड माय मॉम डाइड' याच नावाचा एकपात्री प्रयोग बसवला. तो २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या थिएटरात सुरू झाला आणि कोविडमुळे थांबला. इतकं भडक शीर्षक पेलायला आधी समोर बसलेल्या माणसांवर ते तपासलेलं असावं लागतं: कुठे हसतात, कुठे श्वास रोखतात, कुठे अवघडतात. पुस्तकात ते कमावलेलं कसब दिसतं. सुरुवातीच्याच पानांत आई बेशुद्धावस्थेत दवाखान्यात पडली आहे, आणि तिने डोळे उघडावेत म्हणून मुलं आळीपाळीने एकेक मोठी बातमी तिच्या कानात सांगतात. मुलीला सुचलेली सगळ्यात आनंदाची बातमी म्हणजे आपलं वजन ८९ पौंडांवर, म्हणजे साधारण ४० किलोंवर, आलंय. लेखिका त्यावर एक शब्दही भाष्य करत नाही. आईने अकराव्या वर्षी शिकवलेली उपासमार पुढे यायची आहे, पण वाचकाला काय ते आधीच कळलेलं असतं. असा प्रसंग जखम ओली असताना लिहिला असता, तर त्यात नक्की चार वाक्यं रागाची आली असती.

मारा विल्सन या दोघांच्या मधे आहे, आणि आमच्या मते बहुतेकांना झेपेल अशी वाट तिचीच. 'मटिल्डा' नंतर २० वर्षांनी, २०१६ मध्ये तिचं 'व्हेअर अ‍ॅम आय नाऊ?' आलं, पण त्याआधी ती गप्प नव्हती. २०१३ हे तिचं वर्ष पाहा: न्यूयॉर्कच्या फ्रिंज महोत्सवात 'शीपल' हे नाटक, बालकलाकार पुढे का बिघडतात याची सात कारणं देणारा आणि प्रचंड फिरलेला लेख, आणि 'वेलकम टू नाइट व्हेल' या श्राव्य मालिकेत आवाज. एकेक तुकडा छोटा, पण प्रत्येकातून एक गोष्ट सिद्ध झाली: लोक मटिल्डासाठी आले आणि विचार ऐकायला थांबले. २०२१ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स' मध्ये, लहान मुलींना प्रसिद्धी देऊन मग त्यांच्या घसरण्याची वाट बघणाऱ्या व्यवस्थेवर तिने लिहिलं, तेव्हा तो लेख आठवणींच्या पलीकडे गेला होता. पुस्तकही निबंधांचंच आहे. एक निबंध जमला नाही तर काढून टाकता येतो. सलग आत्मकथनात ती सोय नसते.

जागा कोणाच्या मालकीची

व्हीटनच्या बाबतीत हा मुद्दा अगदी स्वच्छ दिसतो, कारण त्याने भाड्याची आणि स्वतःची, दोन्ही घरं वापरली. २०१२ मध्ये अभिनेत्री फेलिशिया डे हिच्यासोबत त्याने 'टेबलटॉप' हा यूट्यूब कार्यक्रम सुरू केला. तो आणि पाहुणे मिळून बोर्ड गेम खेळायचे, इतकाच त्याचा साचा. त्यात दिसलेले खेळ दुकानांतून धडाधड खपू लागले. तिसऱ्या हंगामासाठी २०१४ मध्ये लोकवर्गणी काढली, ५ लाख डॉलर मागितले आणि १४ लाखांवर जमले. पण कार्यक्रम 'गीक अँड संड्री' या वाहिनीचा होता. ती वाहिनी त्याच वर्षी लेजंडरी या चित्रपट कंपनीने घेतली, आणि चौथ्या हंगामानंतर नवा हंगाम आला नाही. तिसऱ्या हंगामात तर खेळांचे नियमच अनेकदा चुकीचे दाखवले गेले. प्रेक्षकांनी चुका पकडल्या आणि २०१५ मध्ये व्हीटनने स्वतःच्या ब्लॉगवर माफी मागितली. कार्यक्रम दुसऱ्याच्या जागेवर, खुलासा मात्र आपल्या जागेवर, हा तपशील विसरू नये.

म्हणून वाट कोणतीही असली तरी पहिल्या आठवड्यात दोन कामं करावीत. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवर नोंदवायचं. मॅनेजर, आईवडील किंवा 'ओळखीचा वेबसाइटवाला' यांच्या नावावर नको, कारण नूतनीकरण चुकलं किंवा भांडण झालं की नाव हातचं जातं. आणि वाचकांचे ईमेल गोळा करून त्या यादीची प्रत दर महिन्याला उतरवून ठेवायची. इन्स्टाग्रामचे लाखभर फॉलोअर उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, दोन हजार ईमेल नेता येतात.

पैसा

अमेरिकी प्रकाशनात कापडी बांधणीच्या पुस्तकावर साधारण पहिल्या ५,००० प्रतींना १० टक्के, पुढच्या ५,००० ना १२.५ आणि त्यानंतर १५ टक्के रॉयल्टी असते. एजंट लेखकाच्या वाट्यातून १५ टक्के घेतो. ॲडव्हान्स (प्रकाशकाने आधी दिलेली रक्कम) फिटेपर्यंत रॉयल्टीचा एक पैसाही येत नाही, हे नवख्याला बहुधा उशिरा कळतं. मकर्डीच्या पुस्तकाच्या २० लाखांवर प्रती गेल्या, पण तो आकडा धरून कोणी आपला हिशोब मांडू नये.

सबस्टॅक या न्यूजलेटरच्या वेबसाइटवर सशुल्क न्यूजलेटर काढलं तर ते १० टक्के घेतात, वर पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. भारतातून हे करायचं तर अडचण हे पैसे वळते करणाऱ्या स्ट्राइप कंपनीची: २०२४ पासून तिथे निमंत्रणाशिवाय नवं खातं मिळत नाही. त्यामुळे इथल्या लेखकाने न्यूजलेटर मोफत ठेवून पैसे दुसरीकडून, म्हणजे कार्यक्रम, आवाजाचं काम किंवा लेखांचं मानधन यांतून येतील असं गृहीत धरावं. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते, आणि मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. जुन्या मालिकेमुळे पहिली अट पटकन पुरी होते, दुसरी होत नाही. लोक चेहरा बघायला एकदा येतात. चाळीस मिनिटं बसावं असं काही पुढे नसेल तर तास भरत नाहीत.

तिघांतही सारखी गोष्ट म्हणजे आवाज. तिघांनी आपापली आत्मकथनं श्राव्य पुस्तकासाठी स्वतः वाचली आहेत, आणि व्हीटनने तर इतरांची पुस्तकं वाचणं हा स्वतंत्र व्यवसाय केला. कॅमेऱ्यासमोर वाढलेल्या माणसाकडे उच्चार, श्वास आणि ठहराव तयारच असतात. मराठीत स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचं ॲप २०१७ पासून आहे, तेव्हा ही वाट इथेही खुली आहे. प्रकाशकाशी करार करताना श्राव्य हक्क वेगळे लिहून घ्यावेत. 'सर्व हक्क' या दोन शब्दांत ते निघून जातात.

सही कशावर केली आहे

मकर्डी पुस्तकात लिहिते की निकलोडियनकडून तिला ३ लाख डॉलर देऊ केले होते, अट एवढीच की तिथल्या अनुभवांबद्दल जाहीर बोलायचं नाही. तिने नकार दिला. घेतले असते तर हे पुस्तक या रूपात निघणं अवघड होतं. सेटवरच्या ज्या वरिष्ठाबद्दल ती सगळ्यात कठोर लिहिते, त्याचं नाव कुठेच नाही. तो पुस्तकभर फक्त 'द क्रिएटर' आहे. नाव न घेताही माणूस ओळखू येत असेल तर बदनामीचा दावा होऊ शकतो, म्हणून असा मजकूर छापण्याआधी वकिलाकडून वाचून घ्यायचा असतो. इथल्या माजी बालकलाकाराने आधी जुने करार शोधावेत. बहुतेकदा सही पालकांची असते आणि कागद त्यांच्याच कपाटात असतात. गोपनीयतेचं कलम, सेटवरच्या फोटोंची मालकी आणि पात्राचं नाव वापरण्याची मुभा या तीन गोष्टी त्यात बघायच्या.

त्याच कपाटात आणखी एक कागद असायला हवा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जमा व्हावे लागतात आणि सज्ञान झाल्यावर ते त्याचे असतात. कॅलिफोर्नियात कूगन या बालकलाकारांच्या कमाईविषयीच्या कायद्याखाली हेच प्रमाण १५ टक्के आहे. लिहायला लागणारं पहिलं बिनकमाईचं वर्ष या रकमेतून निभावू शकतं.

मग कोणती?

रोज लिहिल्याशिवाय चैन पडत नसेल, विषय खेळ, विज्ञान, तंत्रज्ञान असा स्वतःबाहेरचा असेल आणि चार वर्षांनी स्वतःचं जुनं वाचून चूक कबूल करायची तयारी असेल, तर व्हीटनची. घरच्यांबद्दल मात्र पहिली काही वर्षं त्या ब्लॉगवर लिहू नये.

सांगण्यासारखी एकच मोठी गोष्ट असेल आणि तिच्यात आई, वडील किंवा सेटवरचं कोणी गुंतलेलं असेल, तर मकर्डीची. पण ही वाट अर्धवट चालता येत नाही: उपचार, अंतर, प्रेक्षकांसमोर तालीम, मग खर्डा. एकपात्री आपल्याकडे जुनाच प्रकार आहे. पन्नास खुर्च्यांच्या खोलीत पाच प्रयोग केले तरी कोणतं पान टिकेल ते समजतं. तिच्या पुस्तकात ९१ छोटी प्रकरणं आहेत, आणि अशा छोट्या तुकड्यांतच हा विषय सहन होतो. सलग तीनशे पानांचा आराखडा घेऊन बसलेले लोक सहसा बालपणाच्या पन्नासाव्या पानावर अडकतात.

अजून नक्की काय सांगायचं ते ठरलेलं नसेल, अभिनय पुरता सोडलेला नसेल, किंवा चेहऱ्याची चर्चा नको असेल, तर माराची. वर्षात चार निबंध, एखादी श्राव्य भूमिका, महिन्याला एक न्यूजलेटर. मराठीत निबंधाला दिवाळी अंक हे चांगलं ठिकाण, फक्त त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून विषय मे महिन्यातच संपादकांना कळवावा. पहिला लेख 'त्या मालिकेच्या सेटवर' असा मागितला जाईल. तो द्यावा, आणि त्याच पत्रात दुसऱ्या, वेगळ्या विषयाचं शीर्षकही पाठवून ठेवावं.