अलहंब्रा: महाल बघाच, पण अल्काझाबाला वेळ ठेवा

माझी सगळी नोकरी नागपूरच्या पाणीपुरवठा खात्यात झाली. त्यामुळे स्पेनमध्ये ग्रानाडाला अलहंब्रा बघताना माझी नजर आधी पाण्याकडेच गेली. सबिका टेकडीवरचा हा किल्ला ग्रानाडाच्या नस्री घराण्याचा पहिला सुलतान, पहिला मुहम्मद, याने 1238 साली बांधायला घेतला. एवढ्या उंचीवर वस्ती तगवायची म्हणून दार्रो नदीचं पाणी दूर वरच्या अंगाला अडवून पाटाने उताराउताराने आत आणलं. पंप नाही, काही नाही! मी तो पाट बघत किती वेळ उभा होतो.

या घराण्याच्या नस्री महालांत गर्दी असते. नक्षी अप्रतिमच. पण मला जीव लागला तो अल्काझाबात, म्हणजे लष्करी भागात. तिथे शिपायांच्या घरांची जोती उघडी आहेत. बोळ अरुंद, घरं लहान, मधे अंगण. पाण्याचं टाकं आहे, हमाम म्हणजे न्हाणीघरही आहे. जमिनीखाली कैद्यांची कोठडी. आमची सौ. एका जोत्यापाशी थांबून म्हणाली, "अहो, इथं चूल कुठं असेल हो?" मला तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला.

आमच्या टूरवाल्याने या भागाला जेमतेम वीस मिनिटं दिली, हे फार चुकलं. दोन तास हवेतच. सावली नाही, नागपूरच्या उन्हाची सवय असली तरी टोपी न्या. महालाच्या तिकिटावर ठरलेली वेळ असते, ती चुकवू नका. पासपोर्ट जवळ ठेवा. अल्काझाबातल्या वेला बुरुजावर मात्र चढाच, समोर सिएरा नेवाडाची डोंगररांग दिसते.