पसंतीक्रमाचं मतदान ॲप: ३ स्टार
मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर आधी काय करायचं यासाठी हे ॲप वापरलं, २१ घरं, पदवीधर मतदारसंघात टाकतो तसे १, २, ३ आकडे टाकायचे, आजीलाही जमलं. पण मोजणीची पद्धत बदलली की निकालच बदलतो ना बाप्पा! पहिली पसंती सोलर ९, टाकी ७, शेड ५, म्हणजे सोलर पुढे. सगळ्यात कमी मतांची शेड बाद करून शेडवाल्यांची दुसरी पसंती मोजली तर टाकी १२. आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पसंतीला २-१-० गुण दिले तर शेड २६ घेऊन जिंकते, कारण बाकी सगळ्यांची दुसरी पसंती तीच होती. १९६९ ला गिरी राष्ट्रपती झाले तेही दुसऱ्या पसंतीच्या मोजणीवरच. ॲपमधे मोजणीची पद्धत सेटिंगच्या आत लपलेली आहे आणि मतं पडल्यावरही बदलता येते, हे फार चूक आहे, मत द्यायच्या आधीच स्क्रीनवर दिसायला पाहिजे.