माजी सैनिकाचा मृत्यू शोधायचा कुठे: पेन्शनमध्ये की ग्रामपंचायतीत?
बीड-लातूरकडच्या माजी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास करायचा, तर पेन्शनची नोंद आधी हाती घ्यावी. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. फौजी गेला की फॅमिली पेन्शनसाठी घरचेच कळवतात. तारीख पक्की मिळते. पण पेन्शनला लागणारी १५ वर्षांची सेवा न भरता परतलेला जवान सहसा त्या यादीत नसतोच, आणि त्याला वगळून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

ग्रामपंचायतीकडे, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानुसार, मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो. तिथे पेन्शनची अट नाही. मात्र मृत्यूच्या दाखल्यावर ना नोकरी, ना मृत्यूचं कारण. वर पेन्शनच्या कागदावर ‘रामराव’, दाखल्यावर ‘रामा’! तिथे वडिलांचं नाव नि पत्ता ताडूनच माणूस जुळवावा.