नर्सिंगचा प्रवेश अर्ज दुसऱ्याच्या हाती दिला तेव्हा

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पतसंस्थेत नोकरी करतो. कर्जाच्या अर्जावरील सह्या, जामीनदारांची कागदपत्रे आणि शिक्के तपासण्यात माझी 22 वर्षे गेली. तरीही माझ्या स्वतःच्या मुलीच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अर्जावर कोणाचा मोबाइल क्रमांक टाकला गेला आहे, हे मी तपासले नाही. पुढचे सारे नुकसान त्या एका रकान्यातून झाले.

ही 2024 सालची गोष्ट. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या नर्सिंग सीईटीवर, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेवर होत होते आणि गावात नेमकी माहिती कोणालाच नव्हती. मुलीने अभ्यास घरीच केला होता, गुणही बरे पडले होते. आम्हाला धास्ती होती ती फॉर्मची. अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, वैद्यकीय दाखला, प्रत्येक फाइल ठरावीक आकारात चढवायची आणि मग महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे. म्हणून बसस्थानकासमोरच्या एका 'प्रवेश मार्गदर्शन केंद्रा'त गेलो. तेथील गृहस्थ अदबीने बोलत, आल्यागेल्याला चहा विचारत. "ताई, तुम्ही निर्धास्त राहा, फॉर्मचे सगळे माझ्याकडे लागले," असे ते मुलीला म्हणाले. शुल्क 5,000 रुपये घेतले. नोंदणी करताना त्यांनी स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकला. ओटीपी वेळेत मिळाला नाही तर फॉर्म अडकतो, असे कारण दिले. मला ते सोयीचेच वाटले, हे कबूल करतो.

मुलीने वहीच्या पानावर 14 महाविद्यालयांची यादी क्रमवार लिहून दिली होती. पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. "यंदा कटऑफ फार वर गेला," एवढेच उत्तर आले. दुसऱ्या फेरीच्या आठवडाभरानंतर त्यांनी आवाज खाली करून सीमेपलीकडे कर्नाटकात संस्थेच्या कोट्यातील एक जागा शिल्लक असल्याचे सांगितले. 60,000 रुपये भरायचे होते. त्यांपैकी 20,000 मी यूपीआयने दिले आणि ते एका व्यक्तीच्या खात्यावर गेले; उरलेले 40,000 रोख दिले. पावतीवर 'मार्गदर्शन शुल्क' असे लिहिले होते, महाविद्यालयाचे नाव कोठेही नव्हते. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवला.

शंका आली ती मुलीच्या मैत्रिणीमुळे. तिचे गुण कमी, प्रवर्गही आमचाच. तरी तिला दुसऱ्या फेरीत जागा मिळाली होती, आणि तीही मुलीच्या यादीत पाचव्या क्रमांकावर असलेल्या महाविद्यालयात. आम्ही स्वतः लॉगिन करून पाहायचे ठरवले, तर पासवर्ड बदलण्याचा ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. शेवटी ते बाहेरगावी असताना केंद्रात काम करणाऱ्या मुलाने, बहुधा दया येऊन, पसंतीक्रमाची प्रत छापून दिली. त्यावर 14 नव्हे, दोनच नावे होती, आणि दोन्ही अशी की आमच्या मुलीच्या गुणांवर तेथे जागा मिळणे अशक्य होते. म्हणजे जागा मिळू नये अशी व्यवस्था आधी त्यांनीच केली आणि मग जागेची किंमत आमच्याकडून घेतली. पैसे जाण्यापेक्षा हे मला जास्त लागले.

त्यानंतर मात्र मी मुलीला घेऊन कर्नाटकातील ते महाविद्यालय पाहायला एसटीने गेलो. माहितीपत्रकावरच्या भव्य इमारतीच्या जागी एका दुकान संकुलाचा वरचा मजला होता, आणि 'संलग्न रुग्णालय' म्हणून सहा खाटांचा दवाखाना दाखवण्यात आला. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या महाविद्यालयाचे स्वतःचे 100 खाटांचे रुग्णालय असावे लागते. परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीतही ते नाव नव्हते. ही यादी घरबसल्या दहा मिनिटांत पाहता येते. महाराष्ट्रातील महाविद्यालय असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हेही तितक्याच वेळात कळते. मान्यता नसलेल्या ठिकाणी चार वर्षे घालवली असती, तरी राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली नसती, आणि नोंदणीशिवाय परिचारिकेची नोकरी मिळत नाही. त्या गृहस्थांना विचारले, तेव्हा "मान्यता प्रक्रियेत आहे" असे ते म्हणाले.

मूळ कागदपत्रे मागितल्यावर आणखी शुल्क भरा, मगच फोल्डर मिळेल, असे उत्तर आले. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिल्यानंतर तीन आठवड्यांनी फोल्डर परत मिळाला. यूपीआयने गेलेल्या रकमेची तक्रार सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर त्याच दिवशी करायला हवी होती. आम्ही ती महिन्याने केली. रोख रकमेचा तर पुरावाच नाही, कारण पावती मार्गदर्शनाची आहे आणि मार्गदर्शन तर आम्ही दिले, असे त्यांचे म्हणणे. एकूण 65,000 पैकी 18,000 रुपये हप्त्याहप्त्याने परत आले, तेही तक्रार मागे घेण्याच्या बोलीवर. मी ती मागे घेतलेली नाही.

तोवर फेऱ्या संपल्या होत्या आणि मुलीचे वर्ष गेले. 2025 ची सीईटी तिने पुन्हा दिली. नोंदणी स्वतःच्या क्रमांकावर केली आणि पसंतीक्रम कायम करण्याआधी छापील प्रत माझ्यासमोर ठेवून एकेक नाव वाचून दाखवले. ते केंद्र अजून चालू आहे. फलक तेवढा बदलला आहे. आता त्यावर फार्मसी आणि पॅरामेडिकल प्रवेश असे लिहिले आहे.