‘शटर वाजतंय की!’ : सांगलीहून साताऱ्याला आलेला पेन-एफटी

साताऱ्यातल्या एका हौशी फोटोग्राफरनं सांगलीच्या विक्रेत्याकडून ऑलिंपस पेन-एफटी हा जुना फिल्म कॅमेरा घेतला. तो हाफ-फ्रेम, म्हणजे नेहमीच्या फोटोच्या अर्ध्या जागेत एक फोटो काढणारा. सोबत ३८ मिमीची लेन्स आणि ‘आणखी एक एफ-झुइको’ (झुइको हे ऑलिंपसच्या लेन्सचं नाव). सगळे मिळून २२ हजार, तेही आधी यूपीआयनं. माल नंतर कुरिअरनं. सांगली काही सातासमुद्रापार नाही, एसटीत बसलं की तीनेक तासांत माणूस पोचतो. पण ‘पाहायला कशाला येता, शटर वाजतंय की’ असं म्हणत विक्रेत्यानं पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला आणि त्यावर सौदा झाला. पार्सलमधून काय निघालं ते पुढं आहे. यातलं बहुतेक सगळं कॅमेरा हातात घेऊन अर्ध्या तासात कळलं असतं.

आधी दुसऱ्या लेन्सचं. तिच्या कड्यावर ‘एफ.झुइको ऑटो-एस’ हे शब्द खरोखर होते, पण ती निघाली ऑलिंपसच्याच ओएम या वेगळ्या कॅमेरा-मालिकेतली ५० मिमी एफ/१.८. ती पेनच्या माउंटवर, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यावर, बसतच नाही. ‘एफ’ म्हणजे पेन-एफची, असा घेणाऱ्याचा समज होतो आणि विकणारा तो दूर करत नाही. जुन्या झुइको लेन्सवरचं हे अक्षर आत किती भिंगं आहेत ते सांगतं : डी म्हणजे चार, ई पाच, एफ सहा, जी सात, एच आठ. म्हणून पेनच्या ३८ मिमी एफ/१.८ वर एफ असतं, ४० मिमी एफ/१.४ वर जी आणि ४२ मिमी एफ/१.२ वर एच. ओएमच्या कड्यावर ‘ओएम-सिस्टीम’ असंही लिहिलेलं असतं. जाहिरातीच्या फोटोत नेमका तेवढाच भाग बोटाखाली झाकलेला होता. पूर्ण कड्याचा आणि मागून माउंटचा, असे दोन फोटो मागायचेच. पेनच्या लेन्स अडॅप्टर लावून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर चालतात, त्यामुळं चांगल्या लेन्स सुट्या विकल्या जातात आणि मागं राहिलेल्या बॉडीला मिळेल ती लेन्स जोडून ‘सेट’ तयार होतो.

आता त्या वाजणाऱ्या शटरचं. पेन-एफ १९६३ चा, एफटी १९६६ चा. ऑलिंपसचे डिझायनर योशिहिसा मैतानी यांच्या या कॅमेऱ्यात कापडी पडदे नाहीत, टायटॅनियमची पातळ फिरती चकती आहे. व्हिडिओत वेग १/२५० सेकंदावर होता. तिथं ती खट्‌कन फिरते. मंद वेगांसाठी मात्र दातेरी चाकांची वेगळी साखळी मध्ये येते, आणि जुनं ग्रीस घट्ट होऊन ती अडकते. या कॅमेऱ्यात १/८ च्या खाली चकती उघडीच राहत होती. हे तपासायला मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो-मोशन पुरतो. मागचं झाकण उघडायचं, लेन्स काढायची, कॅमेरा खिडकीकडं धरायचा (ट्यूबलाइटकडं नको, ती लुकलुकते) आणि शटर किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजायचं. १ सेकंदाला २४०, १/८ ला ३०, १/१५ ला १६, १/६० ला ४. त्यापुढचे वेग असे मोजता येत नाहीत. पण १/५०० साठी दुसरी युक्ती आहे : पेनमध्ये प्रत्येक वेगाला फ्लॅश जुळतो, म्हणून केबलनं फ्लॅश जोडून, तो पांढऱ्या भिंतीकडं वळवून मागून पाहिलं तर अख्खी उभी चौकट एकदम उजळली पाहिजे. अर्धीच उजळली तर चकती मागं पडतेय. मग लेन्स लावायची, एफ/१६ आणि बी वर (यात बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) बटण दाबून धरायचं आणि मागून पाहायचं. लेन्समधल्या छिद्राची पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर तेल उतरलंय.

हे झालं कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याचं. सांगलीच्या मालात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ ला कृष्णा दुकानांत शिरली, तेव्हा भिजलेल्या वस्तू पुसून-पासून बाजारात आल्या नसतील असं मानणं भाबडेपणाचं आहे. नुसत्या पावसाळी दमटपणानं बुरशी येते, जाळ्यासारखी, काठाकडून आत. पुराचा गाळ वेगळा. तो पिठासारखा बारीक असतो आणि फोकसच्या आट्यांत जाऊन बसतो. लेन्स कानाशी धरून कडं सावकाश फिरवलं की खर्र असा आवाज येतो. या ३८ मिमीत तो येत होता. तळाच्या स्क्रूच्या खाचांत गंज, ट्रायपॉडच्या भोकात तपकिरी चिखल, रिवाइंडच्या घुंडीखाली हिरवट थर, आणि मागून टॉर्च मारल्यावर आतल्या भिंगावर पाण्याची गोल रेघ. बाहेरून मात्र कॅमेरा चकचकीत. उघडताना डब्ल्यूडी-४० चा वास आला तर व्यवहार तिथंच थांबवावा. तो मारून अडकलेलं शटर चार दिवस चालतं, नंतर तेच तेल धुळीसकट सगळीकडं पसरतं.

प्रकाश मोजणाऱ्या मीटरची थाप वेगळीच होती : ‘फक्त सेल टाका.’ एफटीला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा ६२५ सेल लागायचा. तो बंद झाला. आजचा अल्कलाइन १.५ व्होल्टचा, त्यानं मीटर चुकतो, पण निदान काटा हलतो. इथं तो हललाच नाही. एफटीच्या व्ह्यूफाइंडरच्या वाटेत अर्धपारदर्शक आरसा आहे आणि मीटरचा प्रकाश टिपणारा भाग त्याच्या मागं. तो आरसा डागाळतो, म्हणून काही जण साधा पूर्ण आरसा बसवतात. व्ह्यूफाइंडर छान उजळतो, मीटर कायमचा आंधळा होतो. अर्थात ही दुरुस्ती वाईट नाही, पण मग किंमत एफव्हीची, म्हणजे याच कॅमेऱ्याच्या बिनमीटरच्या आवृत्तीची, द्यायची.

विक्रेत्यानं सात दिवसांची हमी दिली होती. हाफ-फ्रेमला ही हमी म्हणजे पोकळ शब्द. ३६ चा रोल इथं ७२ फोटोंचा होतो. तो संपवायचा, पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवायचा, स्कॅन यायची वाट पाहायची, तोवर दोन आठवडे गेले. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक वेगाला एक, असे दहा-बारा फोटो काढून रोल गुंडाळायचा आणि धुवायला द्यायचा. उरलेली फिल्म वाया जाते, जाऊ द्यावी.

२०२४ ला पेंटॅक्स १७ हा नवा हाफ-फ्रेम कॅमेरा आल्यापासून ‘हाफ-फ्रेम’ या शब्दाला भाव आलाय आणि ऑलिंपस ट्रिप ३५ सुद्धा त्या नावानं विकायला निघतो. दिसायला पेन मालिकेतल्या पेन-ईईसारखाच, भिंगाभोवती प्रकाश मोजणाऱ्या सेलेनियमची तीच खडबडीत कड. पण तो पूर्ण फ्रेमचा आहे. मागचं झाकण उघडून पट्टी लावावी : हाफ-फ्रेमची खिडकी १८ मिमी रुंद आणि २४ उंच, म्हणजे उभी.

साताऱ्याच्या घेणाऱ्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो अकराव्या दिवशी. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांतच फोन केला तर खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक त्याच्याकडं होता, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नव्हता. आणि जाहिरात विक्रेत्यानं पैसे मिळाले त्याच रात्री काढून टाकली होती. तिचा स्क्रीनशॉट कुणीच घेतला नव्हता.